सात वाजताची दुरुस्ती

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. नियम तीन. खरे लिहायचे. रोज लिहायचे. काळजी करायची नाही.

'दमदार लाइव्ह'मध्ये लागून दीड महिना झाला. गुरुग्राम, उद्योग विहार, तिसरा मजला, लिफ्ट बंद. बॉक्सिंगच्या लढती ॲपवर दाखवतात. ज्याला बघायची आहे त्याने तेवढ्या लढतीचे पैसे भरायचे. कंपनीचे सोशल मीडियावरचे पेज सांभाळणे हे माझे काम. तीस तारखेची मुख्य लढत राजवीर शेलार विरुद्ध बंटी सांगवान. राजवीर माझा सख्खा भाऊ. हे मी नोकरीच्या मुलाखतीत तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा अंशुमन सर म्हणाले, समजले, आता बसा.

अंशुमन सर म्हणजे मालक. आज मीटिंगमध्ये म्हणाले, दहा हजार लोकांनी पैसे भरले पाहिजेत, नाहीतर राजवीरचे काँट्रॅक्ट संपले. दादाने यासाठी आर्मीच्या स्पोर्ट्स कंपनीतली नोकरी सोडली आहे. काँट्रॅक्ट गेले तर मॉलमधल्या जिममध्ये लठ्ठ लोकांना टॉवेल देणे, एवढाच रस्ता.

मग सरांनी बॉक्सर 'ड्रॉ', म्हणजे गर्दी खेचणारा, कसा होतो ते फळ्यावर काढून दाखवले. एकतर लोकांचे त्याच्यावर प्रेम हवे, नाहीतर त्याला मार खाताना बघायची इच्छा हवी. 'ठीक आहे' असल्या माणसासाठी कोणी पैसे भरत नाही. यासाठी एमबीए केले म्हणे. लोक भेंडीसुद्धा टोक मोडून घेतात, आणि बॉक्सर खोटा चालेल? लोक खरेपणालाच पैसे देतात. मी सिद्ध करीन.

५ नोव्हेंबर, बुधवार

पोस्टर आले. 'अजिंक्य राजवीर. उंची सहा फूट.' दादा नऊ लढती खेळला: सात जिंकल्या, एक बरोबरी, एक हरला. उंची पाच फूट साडेनऊ. तो अर्धा इंच मी स्वतः दादाला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभे करून मोजला आहे. डिझायनरला सांगितले तर म्हणाला, दीदी, पोस्टर है. जणू पोस्टर म्हणजे खोटे बोलायचा परवाना.

आमच्या घरी असे चालत नाही. बाबा आर्मीच्या शिक्षण विभागात हवालदार होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यामुळे सातवीपर्यंत दादाला आणि मला त्यांनीच कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये शिकवले. रोज संध्याकाळी सात वाजता चुकांची हजेरी. वही घेऊन उभे राहायचे आणि आपल्या दिवसभरातल्या चुका मोठ्याने वाचायच्या. विचारल्यावर लपवलेली चूक दोन धरायची. आता द्वारकेत फ्लॅट आहे, दादा सत्तावीस वर्षांचा आहे, तरी हजेरी चुकलेली नाही.

पेज माझ्याकडे, म्हणजे पेजच्या चुका माझ्या. बरोबर सात वाजता पेजवर व्हिडिओ टाकला. खरे बोलणाऱ्याने तोंड लपवू नये. राजवीर अजिंक्य नाहीत, सहा फूट नाहीत, आणि मी त्यांची बहीण आहे. 'कृपया नोट करें.'

नाडी ९६. पण शांत आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉमेंट वाचायच्या नाहीत असे ठरवले होते. वाचल्या, कारण न वाचणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. चारशे बारा. एरवी अकरा असतात. 'ये दीदी कौन है', 'दीदी की शक्ल फिर दिखाओ' वगैरे. म्हणजे सत्याला चेहरा लागतो हे माझे म्हणणे बरोबर होते.

सर चिडले. पेज काढून घेईन म्हणाले. मग त्यांनी ॲपचा आलेख बघितला. काल सात ते आठमध्ये तीनशे लोकांनी पैसे भरले होते. सरांनी तो आकडा बोटांनी मोठा करून बघितला. मग हळूच म्हणाले, "करती रहो, केतकी. बिल्कुल मत रुकना."

माणूस सुधारू शकतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हवा इतकी वाईट की दादा पळायला न जाता गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारतो. खालच्या मजल्यावरच्या मल्होत्रा आंटी वर आल्या, त्यांच्या झुंबरातून धूळ पडते म्हणाल्या. मी आजच्या व्हिडिओत त्यांची माफी मागितली आणि दादा उड्या मारताना मोजण्यात चुकतो हेही सांगितले. पाचशे म्हणतो, चारशे साठ असतात.

एक गोष्ट लक्षात आली: दुरुस्ती जितकी लहान, खरेदी तितकी जास्त. काल मी सांगितले की दादाच्या तिसऱ्या लढतीत समोरच्याला ताप होता, त्यामुळे तो विजय मी अर्धा धरते. अकराशे लोकांनी पैसे भरले. नम्रतेची केवढी भूक आहे या शहराला. सरांचा फळा पुसून टाकावासा वाटतो.

दादाने रात्रीच्या जेवणाला विचारले, माझ्याविषयी काही चांगले पण सांगणार आहेस का. मी म्हटले, चांगले आपोआप दिसते. तो भात कालवत राहिला. आई म्हणाली, अगं, निदान ताप तरी राहू द्यायचास.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेट्रोच्या ब्लू लाइनवर द्वारका मोडला कॉलेजची पोरे चढली. मला बघून एक म्हणाला, कृपया नोट करें. मग सगळेच म्हणाले. उत्तमनगरपर्यंत म्हणत होते. एका वृद्ध गृहस्थांनी मला बसायला जागा दिली, चेहऱ्यावर खूप कणव होती. प्रसिद्धी डोक्यात जाऊ द्यायची नाही असे ठरवले.

आजवर पैसे भरणारे सहा हजार सातशे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळी ५

पेचात आहे. कॉमेंटमध्ये एकाने सरळ विचारले आहे: दीदी, आप तो सच बोलती हो, राजवीर भाई में कोई कमी है क्या? अकाउंटवर पांढऱ्या घोडीचा फोटो आहे. प्राणिप्रेमी असावा. भाषा सभ्य.

कमी आहे. दादा दमला की जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, मारून डावा हात परत वर आणत नाही. हनुवटी उघडी पडते. चौथ्या फेरीच्या आसपास. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आईसुद्धा पोळी लाटताना ओरडते, हात वर.

सांगितले नाही तर विचारल्यावर लपवले असे होईल. दादाला विचारावे का? पण तो नाही म्हणाला तर मी त्याच्या दबावाखाली येईन. शिवाय तो झोपला आहे.

नाडी ११०. हे चहामुळे.

त्याच दिवशी, ७.१५

सांगितले. डावा हात, चौथी फेरी. पाच मिनिटांत घोडीवाल्याने हात जोडलेली चित्रे पाठवली, सात. अशा प्रेक्षकांसाठी तर आपण काम करतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दादाला जिममध्ये कळले. घरी येऊन माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, गेला. मी समजावले की प्रतिस्पर्धी असल्या कॉमेंट वाचत बसत नाहीत, ते सराव करतात. निदान सभ्य प्रतिस्पर्धी.

बाबांना हजेरीत विचारले, माझे चुकले का. बाबा म्हणाले, नियम नियम आहे. मग चष्मा पुसत बसले.

दहा हजार पार. काँट्रॅक्ट वाचले! ते कोणी वाचवले हे मी बोलून दाखवणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पत्रकार परिषद. बंटी सांगवान ढोलताशासकट आला, तोही घोडीवर, डोक्याला सेहरा. म्हणाला, विजेतेपदाच्या बेल्टची डोली घेऊन जाईन. पत्रकार टाळ्या वाजवत होते. या देशात बेअक्कलपणाला रांग लागते. घोडीने हॉटेलच्या कुंडीतला झेंडू खाल्ला.

घोडी कुठेतरी बघितल्यासारखी वाटली. पण पांढऱ्या घोड्या सारख्याच दिसतात.

दादा बोलायला उभा राहिला. चांगला बोलणार होता, घरी आरशासमोर तयारी केली होती. 'मी पूर्ण तयारीने आलो आहे' एवढे म्हणाला आणि मागून कोणीतरी ओरडले, दीदी से पूछ लो. सगळा हॉल हसला. सर सर्वांत जास्त हसले. मग पत्रकारांचे माइक दादाकडून माझ्याकडे आले. दोन तर त्याच्या खांद्यावरून. मी सांगितले की घोडी भाड्याची आहे, कृपया नोट करें. हशाने छप्पर उडाले.

येताना टॅक्सीत दादा पुढे बसला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ॲपवर आता पैसे भरताना विचारतात, ही लढत का बघत आहात. सरांनी आकडे दाखवले. 'बंटीसाठी' नऊ टक्के. 'राजवीरसाठी' चार टक्के. 'राजवीरला हरताना बघण्यासाठी' एकसष्ट टक्के. उरलेल्यांनी हाताने टाइप केले आहे, बहुतेकांनी 'दीदी की शक्ल, जब वो गिरेगा'.

प्रश्नाची रचनाच सदोष आहे. 'खरेपणासाठी' हा पर्यायच ठेवला नव्हता. मी लेखी हरकत नोंदवली. सर ती फ्रेम करून घेतो म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवले: लढतीपर्यंत दुरुस्ती बंद. दादाला मनःशांती हवी.

सात वाजता टाकली. त्याचे वजन पेजवर शंभर ग्रॅम कमी लिहिले होते. शंभर ग्रॅमसाठी झोप घालवण्यात अर्थ नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३

नोएडातला बँक्वेट हॉल. लढत पाच वाजता, कारण रात्री हॉल लग्नाला दिला आहे. रिंगच्या वर झुंबर, स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्या प्लॅस्टिकने झाकलेल्या. माझ्यासाठी वेगळा कॅमेरा लावला आहे, फक्त चेहऱ्यावर. आदराची गोष्ट आहे.

दादाच्या हाताला पट्ट्या बांधत होते. मी म्हटले, डावा हात. तो म्हणाला, "माहीत आहे, केतू. आता सगळ्यांना माहीत आहे."

त्याच दिवशी, ६.१०

दुसऱ्या फेरीपर्यंत दादा पुढे होता. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, पंचांच्या कागदावर आहे. बंटी काही करतच नव्हता. नुसता थांबला होता. दादाच्या डाव्या हाताकडे बघत.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी दादाने जॅब मारला आणि हात खाली राहिला. अर्धा सेकंद असेल. बंटीचा उजवा त्या जागेवर असा आला की जणू पत्ता लिहून दिला होता.

पंच मोजत होते. लोक मोजत नव्हते. सगळा हॉल एका सुरात म्हणत होता, नोट करें, नोट करें. मी दादाकडे बघत होते आणि वर मोठ्या पडद्यावर मीच दिसत होते. दादा नव्हताच पडद्यावर. आठला तो गुडघ्यावर आला. दहाला तिथेच होता.

बाहेर वरातीची घोडी येऊन उभी होती. लग्नवाल्यांची वेगळी, तपकिरी. खात्री करून घेतली.

१ डिसेंबर, सोमवार

एक्केचाळीस हजार तीनशे सहा. कंपनीचा विक्रम. ऑफिसात केक. सर म्हणाले, यार, ड्रॉ मिल गया. मला वाटले दादाविषयी बोलत आहेत.

नवे काँट्रॅक्ट ईमेलवर आले. माझ्या नावाचे. वर्षाला चार लढती, रिंगजवळ खुर्ची, रोज सात वाजता दुरुस्ती. बॉक्सरच्या नावाची जागा रिकामी. खाली बारीक अक्षरात: 'उपलब्धतेनुसार'.

दादाचे जुने काँट्रॅक्ट? त्याविषयी विचारले. सर म्हणाले, देखते हैं. द्वारका सेक्टर बाराच्या मॉलमधल्या जिमने दादाला बोलावले आहे.

२ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळी ७.२०

हजेरी झाली.

दादाचा जबडा सुजला आहे, आईने भाताची पेज दिली होती, स्ट्रॉने. तरी वही घेऊन उभा राहिला. एकच ओळ वाचली. डावा हात खाली आला.

बाबा म्हणाले, केतकी.

मी वही उघडली. लिहून आणले होते: मी चौथी फेरी सांगितली होती, दादा तिसरीतच पडला. दुरुस्तीतच चूक. पेजवर टाकायला हवी.

दादा हसला. हसताना दुखले असावे, गाल धरला. म्हणाला, "पुढच्या वेळी तूच उतर, केतू. मी पैसे भरून बघेन."

आई पातेले घासत होती, ते थांबले.

मग बाबांनी विचारले, अजून काही?

आत्ताच कॉमेंट बघितल्या. घोडीवाल्याने नवा फोटो लावला आहे. घोडीवर बंटी, गळ्यात बेल्ट. खाली लिहिले आहे, दीदी का बहुत बहुत धन्यवाद.

बाबांना मी म्हटले होते, अजून काही नाही.

म्हणजे दोन.