लाल कडं आणि तीनपटीचं भिंग

६ सप्टेंबर, शनिवार

नाही विकणार! रायफलही नाही आणि घरही नाही.

सकाळी वेस्ट विंडसरहून अक्षतचा फोन. आधी माझी तब्येत, मग प्लेनोची हवा, मग मुद्दा. "आई, बी रिझनेबल. या वयात टेक्ससमध्ये एकटी राहतेस, त्यात घरात रायफल. बाबा होते तोवर ठीक होतं." म्हटलं, अरे, ती रायफल बाबांची कधी नव्हतीच. माझी आहे. साठीला ह्यांनी दिली. सगळे पैठणीची वाट बघत होते आणि ह्यांनी पलंगाखालून लांबडं खोकं ओढलं! इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. ह्यांना एवढंच माहीत होतं, की नागपूरला कॉलेजात एनसीसीत मी नेमबाजीचं पदक मिळवलं होतं आणि लग्नानंतर रायफलीला हात लावला नव्हता.

मग बोलू नये ते बोलून बसले. हल्ली नळीच्या टोकाचा काटा दिसत नाही, नेम चुकतो, असं. झालं! "देअर यू गो. काटा दिसत नाही तर हायवेवर ड्राइव्ह कशी करतेस?" रायफलीवरून गाडी, गाडीवरून घर. त्याच्या बेसमेंटमधली खोली मला दाखवूनही झाली – व्हिडिओवर.

शेवटी ठरलं ते असं. पंधरा नोव्हेंबरला आमच्या नेमबाजी क्लबची मॅच आहे, लोखंडी थाळ्या पाडायच्या. तो येऊन बघणार. निम्म्या तरी पाडणं मला जमलं नाही तर घर विक्रीला. जमलं तर हा विषय त्यानं पुन्हा काढायचा नाही.

"डील?"

"डील."

फोन ठेवल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासली. रागानं!

१४ सप्टेंबर, रविवार

रेंजवरच्या दुकानात गेले. डेल तिथे काउंटरवर असतो. आमचं आडनाव त्याला पेलत नाही, म्हणून मी मिसेस के.

त्याचं म्हणणं – लोखंडी काट्यांनी नेम धरायचा म्हणजे मागची खाच, पुढचा काटा आणि लांबचं टार्गेट, तिन्ही एकदम स्पष्ट बघायचं. साठीनंतर ते कुणालाच जमत नाही. मला एकटीलाच नाही, हे ऐकून जरा बरं वाटलं.

आधी त्यानं साधं लाल टिंबाचं दाखवलं. मला टिंब कुठलं दिसायला – घामानं फिसकटलेलं कुंकू! मग होलोग्राफिक काढलं. चौकोनी काचेची चिमुकली खिडकी. आत लाल कडं, कड्याच्या मधोमध बारीक टिंब. गंमत अशी, की कडं काचेवर दिसतच नाही, ते पार तिकडे टार्गेटवर तरंगतं. आणि त्याच्यामागे वेगळं भिंग बसवायचं. जवळचं मारायचं असेल तर भिंग बिजागरीवर बाजूला पाडायचं, लांबचं असेल तर पुन्हा उभं करायचं.

डेल म्हणाला, "दोन्ही एकदमच निवडा, मिसेस के. हे लग्न आहे. उंची जुळली नाही तर रोज भांडण."

मी म्हटलं, "आमच्याकडे पत्रिकाही बघतात."

तो उगाच हसला. कळलं काही नसणार.

२० सप्टेंबर, शनिवार

पाचपट की तीनपट?

पाचपटीतून टार्गेट अगदी दारात येऊन उभं राहतं. पण मान केसभर हलली की सगळा काळोख. डोळा भिंगाला चिकटवावा लागतो आणि माझा चष्मा आधी जाऊन आपटतो. शिवाय वजन! दोन्ही बसवून रायफल उचलली तर खांदा कुरकुरला.

तीनपटीचं हलकं आहे, आणि सोशीक. डोळा थोडा मागेपुढे झाला तरी चित्र सोडत नाही. तेच घेतलं. ह्यांनी पाचपटच घेतलं असतं. मोठं ते चांगलं! आमचा टीव्ही बघावा, भिंत कमी पडते.

ह्यांची घडीची खुर्ची अजून डिकीतच आहे. माझ्यामागे बसून दुर्बिणीतून बघायचे आणि गोळी कुठे गेली ते घड्याळाच्या आकड्यांत सांगायचे, "दोन वाजता, जरा बाहेर गेली." चुकले तरी आवाज असा, जणू पदक मिळालं. संध्याकाळी फोनवर अक्षतलाही तस्संच सांगायचे. आज मागे कुणीच बोललं नाही.

२१ सप्टेंबर

मंडळातली शरयू म्हणते, "बाई सुलभा, तुला भजनी मंडळ नाही का गं सुचत?" भजनं म्हणतेच की मी! पेटीही वाजवते!

२७ सप्टेंबर, शनिवार

कडं वाकडं आहे!

भिंगातून बघितलं की खालून चेपलेलं दिसतं, लाटताना पोळपाटाला चिकटलेल्या पुरीसारखं. टिंब तर कड्याच्या मधे नाहीच. डेलनं स्वतः डोळा लावला. "मला तर गोल दिसतंय, मॅम." मी ऐकते की काय! बदलून घेतलं. दुसरंही वाकडं. भिंग बदलून घेतलं. तरी तेच. डेल हळूच खोकला. मला ते खोकणं आवडलं नाही. घेऊन आले तशीच.

माल खराब येतो हल्ली. सगळाच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

झेंडू मिळाले. आपटा इथे कुठला, अक्षतच्या रुहीनं शाळेत कापलेली कागदी पानं पोस्टानं पाठवली होती, ती ठेवली. पाटावर माझी पेटी, ह्यांचा स्क्रूड्रायव्हरचा डबा, आणि मॅगझीन काढून, बोल्ट उघडा ठेवून रायफल. शस्त्रपूजा म्हणजे शस्त्रपूजा! शरयू पुरणपोळी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"हिचं तोंड तिकडे कर आधी."

"अगं, रिकामी आहे."

"असू दे. माझ्या मामांचा कुत्रा पण चावत नव्हता."

तीच मग कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाली आणि थेट भिंगाच्या काचेला बोट लावणार होती! ओरडलेच मी. शेवटी वरच्या काळ्या डबीला हळदकुंकू लावलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा म्हणून तिनं फोटो काढले. एक तर फोन भिंगाच्या मागे धरून, भिंतीवरच्या तोरणाचा. "अय्या, बघ, लाल गोल किती छान आलाय!"

बघितला.

कडं गोल होतं. कंपासनं काढल्यासारखं. टिंब मधोमध.

फोन तिला परत दिला आणि आत जाऊन कढी उगाच ढवळत बसले.

३ ऑक्टोबर

काच चांगली आहे. डोळा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डोळ्यांची डॉक्टर शिवांगी, नागपूरचीच मुलगी, काकू म्हणते. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सुरकुती पडली आहे. आतल्या पडद्याला. म्हणून सरळ रेघ वाकते, गोल चेपतं. चष्म्यानं जाणार नाही. वाढली तर पुढे ऑपरेशन, सध्या फक्त लक्ष ठेवायचं.

"आणि ड्रायव्हिंग?"

"खुशाल करा. तुमचा डावा डोळा फर्स्ट क्लास आहे, काकू. दोन्ही मिळून गाडीला भरपूर."

पण नेम दोन्हींनी मिळून धरत नाहीत ना. नेम एकाचाच. माझा उजवा. कायमच उजवा.

पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. अगदी बेंगरूळ. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून टिश्यूचा डबा पुढे केला. घेतला मी.

अक्षतला कळवलं नाही. कळवणारही नाही. एवढ्यात नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

कुणा एजंटबाईचा फोन. "तुमच्या मुलानं नंबर दिला, नुसता अंदाज घ्यायला." मी म्हटलं, अंदाज माझा घ्या – मी विकणार नाही. आपटला फोन. मोबाइल आपटून काही आवाज होत नाही, हे एक वाईट.

दुपारी रुही व्हिडिओवर आली. चित्र काढत काढत गप्पा. डाव्या हातानं काढते, जीभ बाहेर. तिला कुणी काही म्हणत नाही. बघत राहिले.

मलाही कुणी म्हटलं नसतं तर!

कॉन्व्हेंटमधली सिस्टर बेनेडिक्टा. तिचा तो स्टार्चचा, मेणबत्तीचा वास. माझ्यावर जीव होता तिचा, खोटं का बोलू. इंग्रजी कविता म्हणताना माझी हनुवटी वर करायची. पण पहिल्याच वर्षी केसांची निळी रिबीन सोडून माझा डावा हात तिनं बाकाला बांधला. रोज. 'गुड गर्ल्स राइट विथ द राइट.' घरीही तेच – डाव्या हातानं प्रसाद घेतला की आई हात मागे करायची. पुढचा पाऊस येईपर्यंत मी उजवी झाले होते. एनसीसीत रायफल हातात आली तेव्हा कुणी विचारलंच नाही. उजव्या खांद्याला लावली.

आणि डाव्या डोळ्याचं काय? तो बिचारा तेव्हापासून मिटूनच!

१८ ऑक्टोबर, शनिवार

डेलला सगळं सांगितलं. डोळा, रिबीन, सिस्टर. त्यानं टोपी सरकवून डोकं खाजवलं. मग भिंगाची बैठक काढली, फिरवली, पुन्हा बसवली. आता भिंग उजवीकडे न पडता डावीकडे पडतं.

रायफल डाव्या खांद्याला लावली. डावा गाल टेकवला.

कडं गोल! गोल, गोल, गोल! टिंब मधोमध, टार्गेटवर शांत बसलेलं.

नेम मात्र काय वर्णावा. पहिली गोळी मातीत. दुसरी देव जाणे. रिकामी काडतुसं नाकासमोरून उडतात, दचकायला होतं. उजवं बोट चापासाठी वळवळतं, डावं शुंभासारखं बसून राहतं. पहिलीतल्या मुलीसारखं सगळं पुन्हा गिरवायचं.

गिरवीन!

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

रांगोळी डाव्या हातानं काढली. शरयू म्हणाली, "हे काय, बदक का?" मोर होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

डावा खांदा निळा पडला आहे. आज थाळ्या पडल्या. सगळ्या नाहीत. पण पडल्या की असा घंटेसारखा आवाज येतो – आमच्या चॅपेलची आठवण झाली. ही घंटा ऐकून सिस्टर काय म्हणाली असती कोण जाणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षत आला. बारीक झालाय. पिठलं केलं, तीनदा घेतलं.

जेवण झाल्यावर डोळ्याचं सांगितलं त्याला. न सांगता मॅच खेळले असते तर ती चोरी झाली असती. त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग – "आई, यू शुड हॅव टोल्ड मी. आणि मग उद्या कशाला? डील संपली ना. तुला दिसत नाहीये."

"डील जमण्याची होती, दिसण्याची नाही. उद्या बघ."

रायफल बॅगेत भरताना खांद्याला लावून दाखवली. "आई, उलटी धरली आहेस."

"इतकी वर्षं उलटी धरली होती, अक्षत."

त्याला काही कळलं नाही. सिस्टरची गोष्ट मी त्याला कधी सांगितलीच नव्हती. आज सांगितली. ऐकता ऐकता त्यानं माझा डावा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघत राहिला, पहिल्यांदाच बघितल्यासारखा. पण डीलबद्दल अवाक्षर नाही. बापासारखाच हट्टी!

झोप येईलसं वाटत नाही. नाही आली तर नाही!

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिली थाळी चुकली. मागून आवाज आला – मराठीत! "आई, दोन वाजता, जरा बाहेर गेली." ह्यांची खुर्ची त्यानं डिकीतून कधी काढली, कळलंच नाही. पुढच्या सगळ्या पडल्या.

घरी येताना एजंटबाईचा फोन आला. त्यानंच घेतला. "नॉट सेलिंग."

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. डाव्या हातानं लिहिते आहे.