ठकीच्या नाकाची शेड

तीर्थरूप ताईच्या पायांशी,

धाकट्याचा नमस्कार. भावोजींनाही सांग. (त्यांची कंबर कशी आहे? आता तरी शिडीवर चढू नका म्हणावं.) आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे आज ठीक आहोत. मंगळवारी हेच कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

तुला ठाऊकच आहे, तुझ्या भावजयीची रजा महिनाअखेर संपते. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला तिच्या जागी तात्पुरती बाई घेतलीय. ही वेळेवर परत गेली नाही तर तात्पुरतीची कायमची व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मी माझ्या रंगांच्या दुकानात दुपारनंतरची पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी ठकी माझ्याकडे, दुपारनंतर हिच्याकडे. हिची अट एकच, ठकीने माझ्या हातून चमच्याने खाल्लं पाहिजे. सात महिन्यांच्या पोरीला भरवण्यात कसलं आलंय अवघड, असं मी चारचौघांत बोलून बसलो! भात दिला, तो तिने माझ्या चष्म्यावर उडवला. बटाटा दिला, तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. सफरचंद शिजवून दिलं, ते चक्क तोंडात घेतलं (मी आनंदाने हिला हाका मारल्या), आणि ही येईपर्यंत गालात धरून हिच्या धुतलेल्या कपड्यांवर सोडलं. शेवटी गाजर उकडून कुस्करलं आणि काय सांगू, पोरीने आ केला! दुसऱ्या दिवशी भोपळा, पुन्हा आ! मग मी कशाला दुसऱ्या कशाच्या वाटेला जातोय? उठल्यावर गाजर, मग भोपळा, मी दुकानात निघण्याआधी पुन्हा गाजर. तेवढे दिवस घरात माझा रुबाब काय विचारतेस.

आणि एका सकाळी मला तिच्या नाकाचा शेंडा पिवळा दिसला. माझं काम तुला माहीत आहे. लोक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणतात आणि मी डब्यात थेंब थेंब रंग सोडून तो जुळवून देतो. पांढऱ्यातले प्रकार तर मी झोपेतही वेगळे करीन. हिला दाखवलं. हिने ठकीचे डोळे बघितले, पांढरेशुभ्र आहेत म्हणाली, आणि मलाच दाराशी उभं करून कॅलेंडरवरची अक्षरं वाचायला लावली. (शेवटची ओळ चुकली, पण ती बारीकच होती.)  पण मी दुकानातून शेड कार्ड (रंगांच्या नमुन्यांचा तक्ता) आणलं आणि ही आंघोळीला गेली की ठकीच्या नाकाला लावून बघायला लागलो. आधी हस्तिदंती जुळला, दोन दिवसांनी साय, मग लोणी. ताई, कावीळ! दुसरं काय असणार? कुणाला बोलायची सोय नाही, बोललो तर ही नोकरीवर पाणी सोडणार. पोरीला ताकद यावी म्हणून मी गाजर वाढवलं.

मंगळवारी तळवेही पिवळे दिसले. मग मात्र हिला न विचारता ठकीला उचललं आणि पायांत दोन वेगळ्या चपला घालून दवाखाना गाठला. ही मागून धावत आली. आमच्या आधी एक खोकणारे आजोबा होते, ते आत गेले ते बाहेर यायचं नाव घेईनात. ही ठकीचा हात खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, मी कामावर जात नाही. एवढंच. चिडली असती तर बरं वाटलं असतं. पिशवीतून टोपडं काढून तिने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो ग.

डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, पोट दाबलं, नाक दाबलं आणि विचारलं, खाते काय? गाजर, मी म्हणालो. आणखी? भोपळा. आणखी? मी खूप आठवलं आणि म्हणालो, दोन्ही एकत्र. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हसत सुटल्या. पोरीला काही म्हणता काही झालेलं नाही, गाजराचाच रंग अंगावर आलाय, कमी करा, आपोआप जाईल. बाहेर येऊन ही पायरीवर बसून रडली, आणि मी शेजारी उभा राहून माझ्या चपला बघत राहिलो.

तर गाजर बंद आहे आणि ठकीचं तोंडही. बाकी सर्व कुशल. जपून राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. पहिल्या तारखेपासून तू महिनाभर राहायला येतेयस, असं मी हिला सांगून टाकलंय. त्याशिवाय ही कामावर जायला तयारच होईना. तुला विचारायचं तेवढं राहिलं होतं. येतेस ना? नाही म्हणू नकोस, मी तोंडघशी पडेन.

पुन्हा ता. क. ताई, ही मी, तुमची भावजय. टपालात टाकायला पाकीट माझ्याकडेच दिलंय, तेही न चिकटवता! तुम्ही या, पण चार दिवस आराम करायला या. मी कामावर जात नाही म्हणाले, ते यांना पोर सांभाळता येत नाही म्हणून नव्हे. कामावर मी लोकांची नजर तपासते आणि माझ्या लेकीचं नाक पिवळं झालेलं मला दिसलं नाही, याची लाज वाटली हो. यांना दिसलं. मग मी कशाला काळजी करू? पहिल्या तारखेला मी जातेय. यांना एवढ्यात कळवू नका मात्र. घाबरलेले असले की भांडी फार छान घासतात.