न्हाणीची भिंत आणि गुरुवारचं तळण

बिश्केक, बुधवार

आदरणीय वन्सं, धाकट्या भावजयीचा, जिपारचा, कमरेत वाकून सलाम. (इथं कोणी बघत नाहीये, तरी खरोखर वाकले. सवय जात नाही.) भावोजींची कंबर आता कशी आहे? मेंढ्या कुरणावरून उतरल्या असतील. सासूबाई शनिवारी तुमच्याकडे कराकोलला सुखरूप पोचल्याचं टॅक्सीवाल्यानं सांगितलं. त्यांच्या खाऱ्या चहात मीठ कमी घाला, डॉक्टरांनी बजावलंय. त्या 'मला कोणी काही सांगितलं नाही' म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. हे पत्र त्याच टॅक्सीवाल्याच्या हाती देणार आहे. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि स्पीकरच्या शेजारी सासूबाई. जे लिहायचंय ते त्यांच्या कानावर जाता कामा नये. वाचून झालं की चुलीत घाला.

गेल्या हिवाळ्यात टबाची कड ओलांडताना सासूबाई पडल्या, तेव्हा तुम्ही बजावलंत की टब काढून बसून अंघोळ करता येईल अशी न्हाणी करा, नाहीतर थंडीच्या आत आईला मी कायमची घेऊन जाते. बरोबरच बोललात. मी रागावले नाही. (रागावले होते. आता नाही.) पण सासूबाईंना मामंजींचं घर सोडायचं नाही, आणि खरं सांगू, मलाही त्यांना सोडायचं नाही. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी मला अंथरुणातून उठू दिलं नव्हतं. माझी आई असती तरी कंटाळली असती. त्या रोज माझ्या मीठमसाल्याला नावं ठेवतात, आणि ज्या दिवशी ठेवत नाहीत त्या दिवशी मला घास जात नाही. म्हणून न्हाणी वेळेत का झाली नाही, हे तुम्हाला सगळं सांगायलाच हवं.

मामंजींनी स्वतःच्या हातानं लावलेल्या निळ्या टाइल्स आधी फोडल्या. झाकीर मेस्त्रीनं जुना गिलावा खरवडून नवा केला, तो वाळू दिला, गुरुवारी प्रायमर मारला, कोपऱ्यांत पट्ट्या चिकटवल्या आणि शुक्रवारी नमाजानंतर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला, एक हात उभा, शनिवारी दुसरा हात आडवा. पाणी टाइल अडवत नाही वन्सं, हा लेप अडवतो. टाइल नुसती नटवी. दार रुंद करायचं म्हणून चौकट काढलेली, त्यामुळं स्वयंपाकघर आणि न्हाणी एकच होऊन बसली होती. रविवारी सकाळी आम्ही चहा पीत होतो तर आतून आवाज आला, जखमेवरची चिकटपट्टी कोणी सावकाश ओढावी तसा. हे उठून बघायला गेले आणि उलट्या पावली मागं आले. रबरासारखा तो लेप भिंतीवरून अख्खा सुटून कमरेपर्यंत आला होता आणि पुढं वाकून उभा होता. त्याला खांदे होते. वरचं एक टोक दुमडलेलं होतं, ते तुमच्या भावाला मामंजींच्या उंच टोपीसारखं दिसलं. मला तसलं काही दिसलं नाही. (मला यांच्या आधी दिसलं.)

झाकीरनं लेपाच्या डब्याला शिव्या दिल्या. सासूबाईंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते भिंत सोडत नाहीयेत," म्हणाल्या, "फोडू का म्हणून विचारलं होतं का कोणी त्यांना?" आता त्यांचं गुरुवारचं तळण तुम्हाला मी काय सांगावं! गेलेल्यांना घास लागत नाही, तापल्या तेलाचा वास पोचला की ते जेवले, हे तुम्ही त्यांच्याच मांडीवर बसून शिकलात. पुढच्या गुरुवारी त्यांनी दुप्पट पीठ मळून बोरसोक तळले आणि भिंतीकडे तोंड करून माफी मागितली. झाकीरनं दुसऱ्या कंपनीचा डबा आणला. रविवारी लेप पुन्हा सुटून उभा! खालच्या मजल्यावरची राईसा आर्काद्येव्ना आपल्या छताच्या काळजीनं वर आली होती. अंधूक उजेडात तिनं त्या लेपाला अदबीनं विचारलं, "तब्येत बरी ना?" मग मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली हे तिला आठवलं. तेव्हापासून ती छताबद्दल चकार शब्द काढत नाही.

तिसऱ्या गुरुवारी सासूबाईंनी इतकं तळलं की जिन्यातल्या मांजरी दाराशी येऊन बसल्या. त्या रविवारी समोरच्या भिंतीचाही लेप सुटला, आणि दोघं एकमेकांकडे वाकून उभे. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सोबत कोणाला तरी घेऊन आलेत." त्या दिवसापासून आम्ही तिघंही राईसाकडे अंघोळीला जाऊ लागलो.

शेवटी तो लेप गुंडाळून टाकायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. (दुसरं कोणी हात लावेना.) गुंडाळताना त्याची आतली बाजू नाकाशी आली आणि मी तिथंच फतकल मारून बसले. बोरसोकचा वास! बोट फिरवलं तर बुळबुळीत. वन्सं, दर गुरुवारी दुपारी प्रायमर, संध्याकाळी तळण. तेलाचा धूर बिनदाराच्या न्हाणीत जायचा आणि भिंतीवर बसायचा, त्यावर दुसऱ्या दिवशी लेप. तो धरणार कसा? म्हणजे सासूबाई मामंजींना जितकं शांत करत होत्या तितके मामंजी उभे राहत होते. हसू की रडू कळेना. पण नवऱ्याला जेवू घालणं बंद करा, हे त्यांना सांगायचं कोणी? तुमचे भाऊ लगेच टायर बघायला खाली गेले. म्हणून तुमची तब्येत बरी नाही अशी थाप मारून मी सासूबाईंना तिकडे पाठवलं. (तेव्हा अधूनमधून खोकत जा.)

भिंती सोड्यानं धुतल्या, रविवारी प्रायमर, मग लेपाचे दोन हात. आज बोटानं ओढून बघितलं, नखसुद्धा शिरत नाही. सोमवारी टाइल्स. तेव्हा आईला ठेवून घ्यायला आता तुमच्याकडे कारण उरलेलं नाही, हे नम्रपणे कळवते. मोठ्यांना मान, लहानांना पापे.

तुमची जिपार

ता. क. (गुरुवार दुपार) – टॅक्सी उद्या निघणार, म्हणून आणखी थोडं. झाकीरनं मोरीच्या तोंडाला बोळा लावून पाणी भरून ठेवलं होतं. पेन्सिलीच्या रेघेवरून ते तसूभर हललं नाही, राईसाचं छत कोरडं. तुमचे भाऊ ट्रक घेऊन सकाळीच अल्माटीला गेले. घरात मी एकटीच आहे आणि भलतीच खुशीत आहे.

ता. क. (शुक्रवार) – वन्सं, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण आता त्याचा उपयोग नाही. काल तिन्हीसांजेला, तेल तापवायच्या वेळेला, आतून तोच आवाज आला. जाऊन बघते तर लेप जागच्या जागी, साधा बुडबुडाही नाही. आणि आवाज चालूच. तो भिंतीपलीकडून येत होता, आणि त्या भिंतीपलीकडे काही नाही, आपण चौथ्या मजल्यावर राहतो. भरून ठेवलेलं पाणी थरथरत होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामंजी गेल्यापासून हा पहिलाच गुरुवार, घरात वास नाही. माणूस जेवायला आलाय आणि चूल थंड.

लेपावर तेल बसलं की टाइल धरणार नाही, हे माझ्याइतकं आता कोणाला ठाऊक? तरी मी पीठ मळलं, कढई चढवली, आणि धुरानं न्हाणी भरून जाईपर्यंत तळत राहिले. आवाज जवळ आला, पण थांबला नाही. तळून झालं की ज्याच्यासाठी तळलं त्याचं नाव घ्यायचं असतं, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. ओठांपर्यंत आलं, घेता आलं नाही. 'मामंजी, तुमच्यासाठी' असं म्हणाले. पण मामंजी काय, घरोघरी असतात. सासूबाईंना फोन लावून त्यांच्याकडून वदवावं असंही मनात आलं. पण दारात आलेल्या माणसाला फोनवरून 'बसा' कसं म्हणणार? थाळी मी टेबलावर ठेवली होती. सकाळी ती न्हाणीच्या दाराशी होती. एकही बोरसोक कमी झालेला नाही.

तेव्हा न्हाणी तयार नाही आणि ती मीच बिघडवली. तरी पाया पडते, येत्या गुरुवारच्या आत सासूबाईंना परत पाठवा. स्टुलावर बसवून मी स्वतः त्यांना अंघोळ घालीन, लागला तर अख्खा हिवाळा. त्यांच्यावाचून मला या घरात राहवत नाही, आणि मला वाटतं, मामंजींनाही नाही. सासूबाईंना यातलं काही सांगू नका, घाबरतील. जिपारचे बोरसोक आतून कच्चे राहतात, एवढंच म्हणा. मिळेल त्या गाडीनं निघतील.