फुंकणी की बिडी

ता. ६ जानेवारी १९३५, रविवार

ओढली. एकच. पण ओढली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर ऐरणीवर हात ठेवून सोडली होती. ऐंशी दिवस होत आले होते — रोज मोजत होतो ना मी! आज थळच्या बंदरावर धर्मा तांडेलाशी बोलत उभा होतो. त्याचा मचवा मुंबईहून नुकताच लागला होता. बोलता बोलता त्याने बिडी पुढे केली, जशी कोणालाही करतो. माझ्या शपथेची त्याला काय कल्पना? "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच तोंडात बिडी गेली. हात कोणाचा म्हणावं, तर माझाच.

येताना पेरूची पानं चघळली. मनूला कळलं नाही. निदान मला तसं वाटतं. (बाहेर बायकोचं नाव घेता येत नाही, इथे घेतो. कागद काही गावभर सांगत सुटत नाही.)

ता. ७ जानेवारी

दोन. एक सकाळी, एक जेवणानंतर.

ता. ९ जानेवारी, बुधवार

आज बंडलच आणलं. ताजुद्दीनने दुकानातून काढून दिलं. कोळशाच्या पोत्यामागे ठेवलंय.

सोनाराने बिडी सोडायची कशी, हे एकदा देवानेच सांगावं. दिवसभर समोर दिवा जळतोय आणि तोंडात फुंकणी! पितळेची नळी, टोकाला वाकडी. तिने फुंकून ज्योत दागिन्यावर वाकवायची, म्हणजे सांध्यावर ठेवलेली झाळ (जोडायचा धातू) वितळते आणि सांधा बसतो. ज्योत हलता कामा नये, म्हणून फुंक तुटता कामा नये. गालात हवा धरायची आणि श्वास नाकाने आत घ्यायचा. बाबांनी मला पपईचा देठ देऊन तांब्यातल्या पाण्यात फुंकायला बसवलं होतं. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. एकेचाळीस वर्षांचा झालो, तरी फुंक तुटली की पाठ अजून आक्रसते.

आणि आता ती तुटते. गेल्या पावसाळ्यापासून हा खोकला. ऐन ज्योतीवर येतो. सगळे एकच सांगतात — बिडीचा खोकला, बिडी सोड.

दिवाळीपासून मनू मदतीला बसते. चौलच्या सोनाराची मुलगी ती. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, त्यांच्या दिव्यावर हीच फुंकायची. खोकला आला की मी फुंकणी तिच्याकडे देतो, ती तशीच तोंडाला लावते. पुसायलाही वेळ नसतो, सांधा थंड झाला तर काम गेलं. खोकला बसला की फुंकणी परत माझ्याकडे. अशा वेळी दार लावून घेतो. शिवदास सोनाराचं काम बायको करते हे गावाला कळलं, तर उद्या सगळं गिऱ्हाईक चौलच्या वाटेला लागेल.

छाती गेली तर फुंक गेली, आणि फुंक गेली तर मी काय करणार? दुसरं काही येत नाही मला. हे सगळं कळतं. तरी एक प्रश्न सोडत नाही. ऐंशी दिवस बिडीला शिवलो नाही, खोकला तसूभर हलला नाही. बाबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती, तेही खोकतच गेले. मग सोडायची ती कशासाठी?

ता. १४ जानेवारी, संक्रांत

पकडला गेलो. तीळगूळ हातावर ठेवताना मनूने माझी बोटं नाकाशी नेली.

"कधीपासून?"

"गेल्या रविवारपासून."

"म्हणजे आठ दिवस मला फसवलंत."

मी खोकल्याचा तो मुद्दा काढला. सोडूनही गेला नाही, तर बिडीचा काय दोष? तिने ऐकून घेतलं नाही. "खोकल्याला कशाला पुढे करताय? ओढायची आहे म्हणा, सरळ. मी फुंकते ती तुमची छाती सुधारेपर्यंत. जन्मभर दार लावून बसायला नाही."

मी म्हणालो, "मग नको फुंकूस. तुझ्या जिवावर नाही मी सोनार झालो."

राग आला की मी फार मूर्खासारखं बोलतो. आणि बोललो की मागे फिरत नाही, हा दुसरा मूर्खपणा. तीळगुळाच्या दिवशी! तोंडात गूळ होता आणि हे बोललो.

ता. १५ जानेवारी

अबोला. बिड्या सात.

ता. १७ जानेवारी, गुरुवार

आज घडलं ते लिहून काढतो.

सकाळी तुळशी कोळीण आली. तिच्या मंगळसूत्राच्या एका वाटीचं नाकं तुटलं होतं, म्हणजे दोरा ओवायची कडी. गळ्यात हळकुंड बांधूनच आली होती. "शेट, दादला दर्यावर हाय. गला मोकला ठेवाचा न्हाय मना. कवा देशील?" मी म्हणालो, संध्याकाळी. दहा फुंकांचं काम ते.

मनू दुपारी हळदीकुंकवाला गेली. "मी येईपर्यंत थांबा" एवढंच म्हणाली. दोन दिवसांतला तिचा पहिला शब्द तो. मी थांबलो नाही. उलट ती गेली म्हणूनच बसलो. म्हटलं, दाखवतोच. आधी एक बिडी ओढली, त्याच दिव्यावर पेटवून. मग सवागी (टाकणखार) लावली, झाळेचा कण ठेवला आणि फुंकायला लागलो.

सांधा लाल झाला आणि खोकला आला. तेव्हा फुंकणी तोंडातून काढायची, हे पोरालाही कळतं. मी नाही काढली. ओठ दाबून खोकला गिळायला गेलो, तो फुंकणीतूनच बाहेर पडला. ज्योत भसकन लांब झाली आणि नाक्यावरून घसरून वाटीवर बसली. पातळ पत्रा तो. डोळ्यांदेखत काठ खाली आला आणि वाटीचा गोळा झाला.

सोनं कुठे जात नाही, नवी वाटी करता येते. पण सौभाग्याची वाटी, आणि माणूस दर्यावर. आमच्यात ती मोडली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खोकला थांबल्यावर मी तिथेच बसून रडलो. संध्याकाळी तुळशी आली तर सांगितलं, उद्या ये.

मनूने आल्या आल्या चिमट्यातला गोळा पाहिला. वाटलं होतं बोलेल. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दिवा मालवला.

ता. १८ जानेवारी

माझ्या डोक्यात होतं, नवी वाटी करून गुपचूप द्यायची. जोडीतली दुसरी समोर आहे, तशीच ठोकली की कोणाला कळणार? मनू म्हणाली, "बिडीचं लपवलंत, आता हेही लपवा." मग सांगणं भाग पडलं.

तुळशीला ओट्यावर बसवलं आणि सांगून टाकलं — वाटी वाढली, माझ्या हातून, माझ्या खोकल्याने. तिने गळ्यातलं हळकुंड मुठीत धरलं. मग म्हणाली, "दर्याव गेलेल्याला दर्या बगंल. तूं तुजी छाती बग, शेट. बरा हो, मंग कर. दादला याच्या आदी दे, येवराच."

तिचा नवरा माघी पुनवेला येतो. म्हणजे महिना हातात आहे.

शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

ता. २१ जानेवारी, सोमवार

चार दिवस हाच विचार. पुन्हा सोडायची का?

पहिल्यांदा सोडली ती लग्नानंतर. दीड महिना. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी गणपतीत, अकरा दिवस. विसर्जन करून आलो आणि पेटवली. तिसरी ही ऐरणीवरची. आमच्यात ऐरणीच्या पुढे शपथ नाही. ती मोडून झाली, आता हात कशावर ठेवू? आणि चौथ्यांदा मोडली तर मनूला काय तोंड दाखवू? त्यापेक्षा ओढतो म्हणून उजळ माथ्याने ओढावी, निदान खोटं बोलावं लागणार नाही. असं ठरवून एक पेटवली. अर्ध्यावर विझवली. मग ती अर्धी पुन्हा पेटवली. माझं असं आहे.

घाबरलोय, हे खरं. बिडीवाचूनचे दिवस मला माहीत आहेत. बोटं रिकामी, डोकं भणभणलेलं, जो समोर येईल त्याच्यावर ओरडायचं. ते पुन्हा पहिल्या दिवसापासून! आणि खोकला राहणारच असेल तर ते कशाला?

मनू म्हणते, अलिबागच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, मग काय ते ठरवा.

ता. २३ जानेवारी, बुधवार

छकड्यातून अलिबागला गेलो, मनू बरोबर. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून फार वेळ ऐकलं. इतका वेळ काय ऐकत होते कोण जाणे. संध्याकाळी अंग तापतं का, वजन उतरलं का, असं विचारलं. मी म्हणालो, कणकण असते कधी कधी, आणि सदरा सैल झालाय खरा. बाटलीत थुंकी घेतली, मुंबईला तपासायला पाठवणार आहेत. चार तारखेला या म्हणाले.

"बिडी?"

मनूकडे न बघता सांगितलं, "ओढतो. दिवसाला आठ-नऊ."

"सोडा," म्हणाले. बस्स. जशी काही चप्पल सोडायची आहे दारात.

ता. २४ जानेवारी

सकाळी अंघोळ करून ऐरणीपुढे बसलो. हात पुढे केला तर मनूने तो धरला.

"शपथ नको," म्हणाली. "शपथ मोडली की लाजेपोटी तुम्ही आणखी चार ओढता. मी पाहिलंय. नुसती सोडा. चुकून ओढलीत तर येऊन सांगा. मी काही म्हणणार नाही, पण लपवू नका."

मला हे सुचलंच नव्हतं. पंधरा वर्षांत मी शपथाच घेत आलो. त्या घ्यायलाही बरं वाटतं, मोठं काहीतरी केल्यासारखं. नुसती सोडायची म्हणजे कोणी बघत नाही, नारळ नाही, काही नाही.

पोत्यामागचं बंडल काढून शेगडीत टाकलं. मग ताजुद्दीनकडे जाऊन सांगितलं, मला बिडी देऊ नका. तो हसला. "मागल्या खेपेला पन ह्याच बोललास तू, शिवदास." म्हटलं, बोललो होतो. तर म्हणाला, "मग आता इन्शाल्ला बोल, आनि जा घरी." तेही बोललो.

ता. २६ जानेवारी

मनूवर ओरडलो, मिठावरून. नंतर आमटी चाखून पाहिली, मीठ बरोबर होतं.

ता. २८ जानेवारी, सोमवार

काल एक ओढली. धर्माकडे मागून. घरी येऊन सांगितलं. मनू म्हणाली, "बरं," आणि भाकरी वाढली. बस्स, एवढंच. आज एकही नाही.

ता. ३१ जानेवारी

तीन दिवस कोरे. खोकला आहेच. संध्याकाळची कणकणही. सोडल्यामुळे असेल, शरीर भांडतं म्हणतात.

ता. २ फेब्रुवारी, शनिवार

तुळशीची वाटी झाली!

दुपारी दार लावून दोघं दिव्यापाशी बसलो. पत्रा ठोकून वाटी मी कालच घडवली होती, आज नाकं झाळायचं होतं. पहिली फुंक माझी. सांधा लाल होत आला आणि छातीत तेच सुरू झालं. या वेळी गिळायला गेलो नाही. मान हलवली, मनूने फुंकणी माझ्या ओठांतून काढून आपल्या ओठांत धरली आणि ज्योत जागची हलली नाही. मी तोंड फिरवून खोकून घेतलं. परत वळलो तर तिच्या गालात हवा, डोळे वाटीवर, कपाळावर घाम. तिने मान हलवली, मी फुंकणी घेतली. पुन्हा खोकला, पुन्हा ती. चारदा इकडून तिकडे झालं असेल. झाळ पाण्यासारखी पसरली आणि सांधा असा बसला की नखाला लागत नाही.

वाटी तुरटीच्या पाण्यात टाकून दोघं हसत सुटलो. किती दिवसांनी! मी म्हणालो, "आपलं दोघांचं मिळून एक माणूस होतं." ती म्हणाली, "आणि बिडी सुटली की दोन होतील." मग म्हणाली, दार उघडंच ठेवूया आता, बघू दे कोणाला बघायचं ते.

आठवण झाली नाही बिडीची, सबंध दुपार. ही सुटणार. या खेपेला सुटणार, मला आतून वाटतंय.

ता. ३ फेब्रुवारी

तुळशी वाटी घेऊन गेली. मनूच्याही पाया पडली. उद्या अलिबाग.

ता. ४ फेब्रुवारी, सोमवार

क्षय आहे.

मी डॉक्टरांना म्हणालो, बिडी सोडलीय, आठवडा होईल. ते म्हणाले, "ठीक. पण हा खोकला बिडीचा नव्हे. तुम्ही ओढली असतीत काय, नसतीत काय, तो असाच राहिला असता." मग माझं काम कसं चालतं, ते विचारलं. सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं.

"त्या फुंकणीला आणखी कोण तोंड लावतं?"

मनू बाहेर बाकावर बसली होती. मी दारापर्यंत गेलो आणि तिला आत बोलावलं.