चटणीपुडीत दोरा नाही

३ मार्च, सोमवार
नवा क्लायंट मिळाला. जयनगरच्या विमलाक्का. घरी चटणीपुडी, म्हणजे आपली कोरडी चटणी, करून दुकानांना देतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठी निम्मी कन्नड. आमच्या बॉस मुग्धा मॅडमनी स्पष्ट सांगितलं, एक महिना ट्रायल. अक्कांनी वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट केलं तर पीआर एजन्सीत मी कन्फर्म, नाहीतर पुण्याला परत. काळजी नाही. मीडिया माझ्या मुठीत आहे. आजपासून रोज एक धडा लिहायचा. ज्युनियर्सना उपयोगी पडेल.

५ मार्च
क्रायसिस! महादेवपुऱ्याच्या श्रीविद्या नावाच्या बाईंना पाकिटात निळा दोरा सापडला. त्यांनी अक्कांना मेसेज केला. अक्कांनी फोनवर माफी मागितली, नवं पाकीट पाठवलं, बाई खूश. आयतु, संपलं की, असं अक्का मला म्हणाल्या. हसूच आलं. क्रायसिस असा संपत नसतो, तो मॅनेज करावा लागतो.

६ मार्च
स्टेटमेंट काढलं : ‘विमला चटणीपुडीत दोरा सापडल्याच्या वृत्तात तथ्य नाही.’ शहरातल्या झाडून सगळ्या पत्रकारांना पाठवलं. मॅडमनी विचारलं, कुठलं वृत्त? म्हटलं, येईल ते. त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. इम्प्रेस झाल्या असाव्यात.
धडा : माहिती नेहमी आपण आधी द्यावी.

७ मार्च
कुणीही छापलं नाही. म्हणजे बातमी मारली! एका वार्ताहराने फोन करून विचारलं, कुठला दोरा? ‘नो कमेंट’ म्हणून ठेवून दिला. किती भारदस्त वाटतं.

८ मार्च
‘दोऱ्याबाबत कंपनीचे मौन.’ चार कॉलम. क्लायंटचं नाव अगदी अचूक छापलंय. कात्रण अक्कांना पाठवलं. त्यांनी फोनच बंद करून ठेवला. भारावल्या असाव्यात.
धडा लिहायला वेळ नाही. एचएसआर लेआउटच्या ट्रॅफिकमुळे.

१० मार्च, दुपारी
एका चॅनेलकडे दोऱ्याचा फोटो नव्हता, म्हणून त्यांनी जाडजूड दोरखंड दाखवला, भोवती लाल गोल. हद्द झाली! तातडीने खुलासा पाठवला : ‘दाखवलेला दोरखंड आमचा नाही. आमचा दोरा फार बारीक होता.’

संध्याकाळी
खुलासा सगळ्यांनी घेतला. शंभर टक्के कव्हरेज. जयनगरचे दुकानदार पाकिटं परत करताहेत. अक्का फोनवर रडल्या. मलाही कसंतरीच झालं. निर्धार : यापुढे विचार केल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. परवा प्रेस कॉन्फरन्स बोलावली आहे.

१२ मार्च
लोकांचा विश्वास बसावा म्हणून कॅमेऱ्यांसमोर मीच मोठा चमचाभर पुडी तोंडात टाकली. नुसतीच. जबरदस्त ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, तोंड लालबुंद, अक्का पाठीत बुक्क्या मारताहेत. व्हिडिओ पुण्याला आईपर्यंत पोचला. एवढा रीच मला आजवर कुठल्याच कॅम्पेनमध्ये मिळाला नव्हता.

१५ मार्च
अक्कांनी मला न विचारता श्रीविद्याबाईंना फोन केला. बाईंनी लगेच कन्नडमध्ये व्हिडिओ टाकला. दोरा पोत्याच्या शिलाईचा होता, अक्कांनी त्याच दिवशी पाकीट बदलून दिलं, पुडी फर्स्टक्लास आहे, आणि हा सगळा तमाशा त्या उल्हास नावाच्या माणसाने केला. दुकानदारांनी पाकिटं पुन्हा मागवली. शेवटी माझी स्ट्रॅटेजी फळली. व्हिडिओत माझा नावानिशी उल्लेख आहे.

३१ मार्च
अक्कांनी वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली! मी कन्फर्म! अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. मग मॅडमनी काम समजावून सांगितलं. मी वर्षभर अक्कांबद्दल कुठेही, काहीही बोलायचं नाही. बस, एवढंच काम. अक्का खरं तर एजन्सी सोडणार होत्या, पण सोडली तर हा त्याचंही स्टेटमेंट काढेल, अशी त्यांना भीती वाटली म्हणे.
फार वाईट वाटलं. दिवसभर गप्प बसून होतो. निघताना मॅडम टेबलाशी आल्या. म्हणाल्या, उल्हास, आज पहिल्यांदा छान काम केलंस.