तुमचं विमान, तुमच्या दादांची बोटं

भावोजी,

तुमचं ते छंदाचं, हातभर लांबीचं इंजिनाचं विमान एकदा तुमच्याशिवाय सुरू करून दाखवलं की घरातलं तुमचं कौतुक थांबेल, एवढाच फायदा तुमच्या दादांना हवा होता. इंजिन काही पेटेना. ते पंख्याच्या दर झटक्याला त्याला आणखी इंधन पाजत राहिले. शेवटी मी म्हटलं, "अहो, बॅटरी उतरलीय. भावोजी आधी प्लग काढून, बॅटरी लावून त्याची तार लाल होते का बघतात, मग आत तुंबलेलं इंधन काढून टाकतात."

नको तिथे तुमचं नाव घेतलं! "तो मला शिकवणार?" म्हणत त्यांनी भरलेली बॅटरी लावली आणि पंखा फिरवायची तुमची काठी खुंटीलाच ठेवून बोटानंच तो फिरवला. तुंबलेलं इंजिन उलटं उसळलं. दोन बोटं हाडापर्यंत चिरली. मग त्यांनी विमान भिंतीवर आपटून आपटून त्याचा भुगा केला.

शेजारचे काका त्यांना टाके घालून आणायला गेलेत. अंगणात इंधन सांडलंय, सिगारेट लांबच ओढा. दाराच्या फळीत पंख्याचा तुकडा रुतलाय, नुसत्या हातानं उपटू नका. जेवण झाकून ठेवलंय.

मी ताईकडे चालले. आणायला येऊ नका, त्यांनाही पाठवू नका. आणि त्यांच्या अंगावर तर मुळीच जाऊ नका, सध्या एकाच हाताचे आहेत.

डॉक्टरांना ते विमानाचंच नाव सांगतील. बोटांपुरतं ते खरंही आहे. पंख्यानं त्यांना मारलं, त्यांनी विमानाला मारलं, आणि विमान संपल्यावर समोर मीच उरले होते.

वहिनी