डोंबिवलीचे ऊन

॥ श्री ॥

नौपाडा, ठाणे
ता. १२ नोव्हेंबर १९५२

सौ. गंगुबाई विहीणबाई यांस विमलाबाईंचा सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम म्हणावे तर तसे नाही, म्हणूनच कागद घेऊन बसले. सरोज आपल्याला लिहिणारच. पण लेक आईला लिहिते तेव्हा सासूची बाजू त्यात थोडकीच येते. तेव्हा माझी मीच कळवते.

आपली नात चित्रा सव्वादोन वर्षांची झाली तरी पाऊल टाकत नाही, हे आपण दिवाळीत पाहिलेच. उभी केली की पाय धनुष्यासारखे बाकतात आणि ती मटकन खाली बसते. काल सुधीर तिला इथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते म्हणाले, हा मुडदूस आहे. हाडे मऊ राहिली आहेत, ‘ड’ जीवनसत्त्व शरीरात नाही, कारण अंगावर ऊन नाही. आता ऊन मी कुठून आणू? मागे ती तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून आमच्या खोल्यांत भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. त्यात गेल्या हिवाळ्यात पोरीला डांग्या खोकला झाला. तेव्हापासून कुंची आणि मोजे घातल्याशिवाय मी तिला दाराबाहेर काढलेली नाही. जपले, यात माझे काय चुकले?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरांनी जी बाटली लिहून दिली आहे ती माशाच्या यकृताच्या तेलाची! मी सुधीरला स्पष्ट सांगितले की ही बाटली उंबरठ्याच्या आत आली तर मी या घरात पाणी पिणार नाही. तो न जेवता कचेरीत गेला. सरोज नुसती भांडी जोरात ठेवते. आपणही सोवळे पाळणाऱ्या. आपण लेकीला समजुतीचे दोन शब्द लिहावेत. बदामाचे तेल म्हणा, खारकेची पूड म्हणा, सांगाल ते करू.

आहे तो लोभ असाच राहू द्यावा.

आपली,
विमला

॥ श्री ॥

डोंबिवली
ता. १५ नोव्हेंबर १९५२

सौ. विमलाबाई विहीणबाई यांस गंगूचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. दोनदा वाचले. पहिल्यांदा वाईट वाटले, दुसऱ्यांदा भांड्यांशी येऊन हसू आले. ती खोड सरोजने माझीच उचलली आहे. आमच्या घरच्यांना विचारा.

समजुतीचे लिहा म्हणता. लिहीन, पण आपल्याला लिहीन. राग मानू नये. माझी धाकटी बहीण मंजू आपण पाहिलेली नाही. तिचे पाय असेच होते. आमच्या आईने अंगारे लावले, दृष्टी काढल्या, आणि पोरीची जात म्हणून लुगड्याखाली झाकले जाईल असे म्हणून सोडून दिले. लग्नही झाले तिचे. पहिल्या बाळंतपणात ती गेली आणि बाळही गेले. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की कमरेचे हाड लहानपणीच दबून अरुंद झाले होते, बाळाला वाटच नव्हती. त्या वेळी कोणी मला बाटली दिली असती, तर ती कशाची आहे हे मी विचारले नसते.

तेव्हा माझे म्हणणे असे. चित्राला आणि सरोजला इकडे पाठवून द्यावे. आमच्या घरापुढे अंगण आहे, पुढे भाताची खाचरेच खाचरे. सकाळी आलेले ऊन सूर्य मावळेपर्यंत कुठे जात नाही. बाटली आमच्याही घरात येणार नाही. अंगणातल्या पेरूला पिशवीत टांगून ठेवीन, पोरीला तिथेच देईन, हातपाय धुऊन आत येईन. देवाला चालेल की नाही ते मी त्याला विचारून घेते. आपल्या माथी काही नाही.

लग्नात रुखवतातल्या माझ्या चिरोट्यांना आपण नावे ठेवलीत, तेव्हा मी गप्प बसले होते. या वेळी बसणार नाही.

मायेत अंतर पडू देऊ नये.

आपली,
गंगू

॥ श्री ॥

नौपाडा, ठाणे
ता. २० नोव्हेंबर १९५२

सौ. विहीणबाई यांस सा. न. वि. वि.

मंजूताईंचे वाचले आणि बराच वेळ देवापाशी बसले.

रविवारी सुधीर दोघींना घेऊन येत आहे. चित्राला दुधात साखर लागते, गूळ चालत नाही. निजताना तिच्या पाठीवर हात हवा, नाहीतर दचकते. उन्हात ठेवाल ते डोक्यावर काही घालून ठेवा. रंग सरोजवर गेला आहे, तो काळवंडू नये एवढेच. तेलाचे मला विचारू नका आणि सांगूही नका. मला ते ठाऊकच नाही असे मी धरून चालते.

चिरोटे वातड होते. पण आपल्याइतक्या नीटनेटक्या हातचे रुखवत मी दुसरे पाहिले नाही, हे तेव्हाच बोलायचे राहून गेले.

पोरीला सांभाळा. स्नेह आहेच, तो वाढवावा.

आपली,
विमला

॥ श्री ॥

डोंबिवली
ता. १४ डिसेंबर १९५२

सौ. विहीणबाई यांस सा. न. वि. वि.

तेलाचे सांगू नका म्हणालात, म्हणून तेलाचे काहीच सांगत नाही. फक्त मांजरांचे सांगते. आमच्या आळीत मांजरे आहेत हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते. आता सकाळी मी पेरूखाली गेले की दोन कुंपणावर, एक विहिरीच्या कठड्यावर आणि एक गाभण मांजरी थेट पायरीवर येऊन बसते. आपली नात तोंड उघडून तयारच असते. मला वाटले होते रडेल, थुंकेल. बाईसाहेब चमचा चाटून पुसून घेतात आणि आणखी मागतात! परवा थोडे झबल्यावर सांडले, तर ती मांजरी दिवसभर झबल्याच्या मागे. चित्रा इतकी हसली की तिला उचकी लागली.

झबले म्हटले खरे, पण उन्हात ते काढूनच ठेवतो. सकाळी अंगणात गोधडी टाकून पोर नुसत्या लंगोटावर पालथी घालायची. सरोजही सोबत बसते. आली तेव्हा ती फार ओढलेली दिसत होती, आता गालावर तकाकी आली आहे. कुंची मी पहिल्याच दिवशी ट्रंकेत ठेवली. रंगाचे म्हणाल तर नात आपली पिकल्या चिकूसारखी झाली आहे. फार गोड दिसते.

इथल्या डॉक्टरांनी मनगटे चाचपून पाहिली. सूज उतरते आहे म्हणाले. दोन दाढा दिसू लागल्या. आमच्या घरच्यांनी मास्तरकीची पेन्शन घेतल्यापासून कशाला हात लावला नव्हता. त्यांनी अंगणात तिच्या उंचीवर एक बांबू आडवा ठोकला आहे, धरून उभे राहायला. अजून उभी राहिलेली नाही. रोज बांबूला पाने-फुले बांधतात आणि वाट पाहतात.

इकडची काळजी नसावी, आठवण असावी.

आपली,
गंगू

॥ श्री ॥

नौपाडा, ठाणे
ता. २२ डिसेंबर १९५२

सौ. विहीणबाई यांस सा. न. वि. वि.

मांजरांचे वाचून सुधीर खोखो हसला, आणि मग मीही. त्या घटकेपासून आमचा अबोला गेला. घर मात्र खायला उठते. सकाळी चुकून दुधात साखर घातली आणि मग आठवले.

माझे एक ऐकून कोणाला सांगू नये. वर्षभर माझ्या कमरेत आणि मांड्यांत ठणका आहे. जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागते. वय झाले म्हणून मी कोणाला बोलले नव्हते. परवा सुधीरच्या लक्षात आले आणि तो मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी मला विचारले की आजीबाई, आपण शेवटचे उन्हात कधी बसलात? मला सांगता येईना. तेव्हा म्हणाले की नातीचे दुखणे तेच आपले. एकाच अंधारात दोघी राहिलात, तिची हाडे वाढायची होती म्हणून ती वाकली, आपली नुसती दुखतात. आणि पुन्हा तीच बाटली लिहून दिली!

मी ती चिठ्ठी पदराला बांधून घरी आले. बाटली आणलेली नाही. पण खोटे कशाला बोलू, दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बाईंच्या गच्चीवर जाऊन बसते आहे. पहिल्या दिवशी भर उन्हात रिकामे बसायची लाज वाटली, म्हणून निवडायला तांदूळ नेले. आता तांदूळ नेत नाही.

चित्रा माझी आठवण काढते का? नसेल काढत तर तसे लिहू नका.

माया असू द्यावी.

आपली,
विमला

॥ श्री ॥

डोंबिवली
ता. ६ जानेवारी १९५३

सौ. विहीणबाई यांस सा. न. वि. वि.

नाताळानंतरच्या सोमवारी चित्रा बांबू धरून उभी राहिली! आमच्या घरच्यांनी भर दुपारी शंख वाजवला. शेजारचे लोक काय झाले म्हणून धावत आले. लगेच आपल्याला कळवणार होते, पण दुसऱ्याच दिवशी तिचा हात सुटला, ती तोंडावर आपटली आणि ओठ फुटला. तेव्हापासून उभी राहते, पण बांबू सोडत नाही. पुढे हात केला की मान फिरवते. डॉक्टरांनी पुन्हा पाहिले. पाय सरळ होत आहेत, हाडांत जोर आला आहे म्हणाले. आता राहिली आहे ती भीती, आणि तिला बाटली नाही.

आठवण काढते का विचारलेत. निजताना मी पाठीवर हात ठेवला की तो उचलून बाजूला करते आणि ठाण्याची आजी म्हणते. मला राग यायला हवा होता, पण येत नाही.

संक्रांतीला आपण इकडे यावे. हळदीकुंकू दोघी मिळून करू. आपल्या दुखण्यालाही आमचे अंगण पुरेल. आग्रह समजावा, हुकूम समजलात तरी चालेल.

वाट पाहते.

आपली,
गंगू

॥ श्री ॥

डोंबिवली
ता. १७ जानेवारी १९५३

चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले हे तुला कळलेच आहे. त्यापुढचे आज लिहिते.

आले त्या दिवशी पोरीने मला आधी ओळखलेच नाही, माझ्याही डोळ्यांना ती ओळखू येईना. केवढी झाली आहे! मग एकदम गळ्यात पडली ती रात्रभर सुटली नाही. संक्रांत छान झाली. विहीणबाईंनी तिळगूळ माझ्या हाताने वळवून घेतला आणि आलेल्या प्रत्येक बाईला तसे सांगितले.

काल सकाळी मी अंगणात पाय पसरून उन्हात बसले होते. चित्रा चार-पाच हातांवर तिच्या बांबूपाशी. सरोज विहिरीवर, विहीणबाई आत. मला उठायचे होते. उठू लागले तर कमरेने दगा दिला आणि मी पुन्हा खाली बसले. धरायला भिंत नाही, हाक मारायची लाज वाटते, आणि पुन्हा उठते तर पुन्हा तेच. चित्रा टक लावून पाहत होती. ती पडली की इथे सगळे तिला हात दे, ऊठ, म्हणतात ना, ते तिने मनात धरलेले असावे. तिने बांबू सोडला. दोन्ही हात पुढे करून ती माझ्याकडे चालत आली रे सुधीर! मध्ये एकदा डुलली, मला वाटले पडते, पण सावरली. माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हात पुढे केला आणि मला म्हणाली, आजी ऊठ.

मी हंबरडाच फोडला. सगळे धावत आले. त्यांना वाटले मला काहीतरी झाले. मी नुसते तिच्या पायांकडे बोट दाखवत होते. सरोज तिथेच ओल्या कपड्यांवर बसली. तिचे वडील शंख शोधायला आत गेले आणि शंख हातात घेऊनच रडत बसले, वाजवायचा राहिला. आम्ही दोघी विहिणी मात्र एकमेकींच्या गळ्यात पडलो. तुझ्या लग्नातसुद्धा असे झाले नव्हते.

सगळे शांत झाल्यावर मीच विहीणबाईंना म्हटले, आणा तो चमचा. त्यांनी पेरूवरची पिशवी काढली. नाक धरून गिळले. अतिशय वाईट लागते; पोरीला त्यात काय गोड वाटते देव जाणे. नंतर आंघोळ केली, देवाला नमस्कार केला. तो रागावलेला दिसला नाही.

मी होळीपर्यंत इथेच राहते. तोवर तू आपल्यासाठी दुसरी जागा बघ. दोन खोल्या कमी असल्या तरी चालतील, पण पूर्वेला खिडकी आणि पुढे मोकळी जागा हवी. इथून जवळच कोपर गावाकडे नवी घरे होत आहेत असे ऐकते. सरोजशी बोलून ठरव, तिचे म्हणणे आधी ऐक.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तुला उदंड आयुष्य मिळो.

तुझी,
आई

ता. क. रविवारी येताना बाजारातून एक मजबूत कडी-कोयंडा घेऊन ये. इथल्या फाटकाला कडी नाही. आज सकाळपासून पोरगी डुलत डुलत दोनदा रस्त्यावर गेली, आणि तिच्यामागे धावायला आम्ही दोघी म्हाताऱ्या कमी पडतो.